एकोणीस हजारांचा भोपळा

खरं सांगतो, माझ्या कीर्तनातलं हे आख्यान मी लिहून ठेवणारच नव्हतो. तोंडानं सांगायचं, घाम पुसायचा, चहा प्यायचा, मोकळं व्हायचं! पण तबल्यावर बसतो तो आमचा अमोन म्हणाला, "बोललेलं हवेत जातं रे. टाइप कर." केलं. मोबाईलवर, एका अंगठ्यानं, थांबत थांबत. थांबत का? तर गोष्टीत एक जागा अशी आहे की ती मलाच टोचते. शेवटी सांगतो कुठं ते.

तर मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. देवाला दिलेलं दान — चोरीचं असू शकतं का?

नाही म्हणता? मागच्या बाकावरचे काका तर जोरात नाही म्हणतायत! बरं. काका, गोष्ट संपली की परत विचारतो.

प्रवरेच्या काठी टाकळगव्हाण नावाचं गाव. तिथं शांतवन मकासरे. सायकलीवर पाव विकतात. मागं मोठी पेटी, पुढं भोंगा. पॉं पॉं! सगळा गाव त्यांना मामा म्हणतो. आणि मामांचा हात कसा? सढळ! डझन मागा, तेरा मिळतील. म्हातारीला फुकट, शाळेतल्या लेकरांना फुकट. मार्थामामी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "अहो, प्रभूनं पाच भाकरींत पाच हजार जेवू घातले. तुम्ही प्रभू नाही. तुमचं पीठ विकतचं आहे!"

या दोघांची एकुलती एक लेक — शलोमी. नर्स झाली आणि नोकरी लागली कुठं? गुवाहाटीला! रेल्वेनं जायलाच अडीच-तीन दिवस. रजा मिळायची आठ दिवसांची. म्हणजे रेल्वेनं आली तर काय करणार? आईला मिठी मारायची आणि परतीच्या गाडीत बसायचं! तीन नाताळ गेले. पोरगी घरी नाही.

यायचं तर विमानानंच. पण शलोमीचा हातही बापाचाच! पेशंटला औषध आणून दे, कुणाला घरी जायला भाडं दे. म्हणून ती दर महिन्याला थोडे पैसे आईकडे पाठवायची. "मम्मी, माझ्याकडे टिकत नाहीत. तू ठेव. तिकिटाचे आहेत, विसरू नको." मामीनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. वर खडूनं नाव लिहिलं — शलोमी. आणि डबा कुठं ठेवला? पोरीच्या रिकाम्या खाटेखाली. झाडताना मामी तो उचलायची, छातीशी धरायची, परत ठेवायची. मंडळी, तो पैशांचा डबा नव्हता. त्या आईला तो पोरीसारखाच जड लागत होता.

आता आला सुगीचा सण! माहितीये ना? जे पिकलं त्यातलं चांगलं देवाच्या घरी, चर्चमध्ये न्यायचं. कोंबडी, गहू, ऊस, अंडी. भक्ती झाली की अंगणात लिलाव. तीनशेचा कोंबडा तीन हजारांना! का? तर पैसा देवाच्या कामाला. त्या वर्षी मुलींच्या वसतिगृहाचे पत्रे बदलायचे होते. चांगलं काम! त्यात काही खोट नाही.

मामीनं नेला भोपळा. लाल, हा एवढा! शलोमीनं जाताना मोरीच्या पाण्यावर बी टोचलं होतं, त्याच वेलाच्या बियांतून दर साली नवा वेल यायचा. त्याचा हा भोपळा.

यहोशवा पंच लिलाव पुकारतायत. "बोला, मकासऱ्यांचा भोपळा! शंभर!" "दोनशे!" "पाचशे!" एलिया ठेकेदार पांढऱ्या बुटांत उभा. म्हणाला, "दोन हजार!"

मामा उठले. "अडीच!"

अहो, भोपळा कुणाचा? मामांचाच! सकाळी घरातून आणला आणि दुपारी तोच विकत घेतायत! हसा, हसा. पण घरच्या वेलाचं फळ दुसऱ्याकडं जाताना काळीज हलतंच की.

एलिया हसला. "मामा, पाववाल्यानं पावापुरतं बोलावं. पाच हजार!"

लागलं! कानशिलं तापली. "आठ!" "दहा!" "बारा!" लोक बाकांवर चढले. मामी पदर ओढतेय, "अहो... अहो..." आणि मामा ओरडले —

"एकोणीस हजार!"

मंडळी, एकोणीसच का? वीस का नाही? पंधरा का नाही?

डब्यात एकोणीसच होते म्हणून!

टाळ्या! चर्चच्या पाळकसाहेबांनी मामांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मामी? घरी आली, डबा आणून मामांच्या हातात दिला. भोपळा उचलला आणि पोरीच्या खाटेवर ठेवला. उशीवर.

चार दिवस मामा हवेत. "मामा, काय काळीज हो तुमचं!" भोंगासुद्धा जरा लांब वाजायचा. पाचव्या दिवशी फोन.

"पप्पा! नाताळची रजा मंजूर! बावीस ते एकोणतीस! पंधरा तारखेच्या आत तिकिटाचा फोटो पाठवा, मेट्रनला दाखवायचाय. नाहीतर रजा दुसऱ्या सिस्टरला देतील. पप्पा? ऐकताय ना?"

"हो हो. ऐकतोय."

"मम्मीला सांगा, पापड तळू नको, मी आल्यावर तळू."

"हो."

सांगता येईना! कसं सांगणार? दहा तारीख गेली. बारा गेली. मामी एक दिवस परातीत पीठ मळता मळता म्हणाली, "देवाला दिलंत, चांगलं केलंत. पण देताना त्याला सांगितलंत का, हे कुणाचं आहे ते?"

चौदा तारखेला मामांनी पावाच्या पेटीत भोपळा घातला आणि पाळकसाहेबांचं दार गाठलं. "साहेब, हा परत घ्या. माझे नव्हते ते पैसे." साहेबांनी भोपळ्याला हात लावला नाही. मग म्हणाले, "शांतवन, पैसे मंडळीचे, चर्चचे झालेत. रविवारी पंचांपुढं ठेवू. तुला उभं राहावं लागेल."

आणि मामा उभे राहिले. ज्या अंगणात टाळ्या घेतल्या, त्याच अंगणात. "मी देवाला दिलं नाही. मी एलियाला हरवलं. पोरीच्या पैशानं." एवढंच बोलले. सगळ्यांत आधी कोण उठलं असेल? एलिया! मान खाली. "द्या त्यांचे त्यांना. पत्रे मी घालतो. काडी मीच लावली होती."

पैसे परत आले. पूर्ण. पण रविवारी तारीख सतरा होती! रजा दुसऱ्या सिस्टरला गेली होती. मंडळी, पैसे परत येतात हो. दिवस येत नाहीत.

त्याच दिवशी मामांनी फोनवर लेकीला सगळं सांगितलं. पलीकडं फक्त वॉर्डातल्या ट्रॉलीची खडखड. मग शलोमी म्हणाली, "पप्पा, मला विचारलं असतंत ना, तर मी 'द्या' म्हणाले असते. मुलींच्या डोक्यावर छप्पर... दिले असते मी." आणि पुढं म्हणाली, "पण मग ते मी दिले असते."

ऐकलंत? काका, आता सांगा. चोरी पैशांची झाली का? तिचं देणंच चोरलं गेलं! शास्त्रात, म्हणजे बायबलात, प्रभू कुणावर चिडला आठवा. आईबापाच्या वाट्याचं होतं, ते "देवाला वाहिलं" म्हणून मोकळे झाले, त्यांच्यावर!

देईन मी देवा। माझे जे असेल।
दुजाचे नसेल। त्यात काही॥

नाताळ झाला. डबा परत खाटेखाली, भोपळा परत खाटेवर. शलोमीनं आता ईस्टरची रजा मागितलीय. मिळेल का, माहीत नाही. फोनवर विचारते, "मम्मी, कापला का गं भोपळा?" मामी म्हणते, "तू ये. मग कापू." "टिकेल का तोवर?" "टिकेल. मी बघते ना." दर शनिवारी मामी त्याची कूस बदलते. खालून नरम पडू नये म्हणून. परवा गेलो तर मामा स्वतः बदलत होते, दोन्ही हातांनी, झोपलेल्या लेकराची बदलतात तशी. मला म्हणाले, "माझं नाव घालून सांग रे. लपवू नको."

तर मंडळी, तुमच्या खिशात हात घाला. द्या, जरूर द्या! पण आधी बघा, त्या नोटेवर घरातल्या कुणाची वाट बघणं लिहिलंय का? बायकोचं दुखणं लिहिलंय? म्हाताऱ्याचा चष्मा? ते आधी वेगळं काढा. डब्यावर नाव घाला. तोही देवाचाच हिशोब आहे. मग उरेल ते उघड्या हातानं द्या!

आणि आता ती टोचणारी जागा. मी पैसे फार देत नाही, माझ्याकडं नाहीतच. मी तारखा देतो. कुठल्याही गावानं बोलावलं की "हो, येतो! सेवा आहे!" गेल्या नाताळात आठवडाभरात सात कीर्तनं केली. लोक म्हणाले, काय पोरगा आहे! पण तबल्यावर कोण होतं? अमोन. आणि घरी, संगमनेरला, त्याची रूथ पाच महिन्यांचं लेकरू घेऊन एकटी मेणबत्ती लावत होती. मी त्यांना विचारलं होतं का? नाही. मी त्यांचा नाताळ उचलून देवाला दिला, आणि टाळ्या मी घेतल्या.

अमोन, तबल्यावरचा हात जरा थांबव. इकडं बघ. सगळ्यांसमोर सांगतो. येत्या नाताळात चोवीसपासून एकतीसपर्यंत तुझ्या नावावर मी एकही तारीख घेणार नाही. कुणी आलंच बोलवायला, तर मी एकटा उभा राहीन, ताल चुकला तरी चुकू दे. तू घरी असशील. शब्द देतो तुला.