जनरलच्या पोटात

लिगाया : पास्माच आहे, डॉक्टर. हा दमल्या अंगानं पुरात उभा राहिला, पोटऱ्यांनी धरलं. आमच्या मालाबोनात पूर ओसरला की घरटी एकाला होतो. मालिशवाल्या सेलिंगला बोलावून खोबरेल तेलानं रगडून घेतलं.

डॉ. बाल्तासार : रगडल्यावर बरं वाटलं?

लिगाया : ओरडला. मासो ओरडत नाही हो. दाढ उपटताना डॉक्टरला विनोद सांगत होता हा माणूस.

मासो : विनोद चांगला होता.

डॉ. बाल्तासार : (मासोला) ताताय, डोळे उघडा जरा. हे पिवळे कधीपासून?

लिगाया : आधी लाल होते. म्हटलं, झुंजीच्या अड्ड्यावर ढोसून आला असेल. काल पिवळे दिसले, तर वाटलं बल्बचा उजेड पडलाय.

डॉ. बाल्तासार : लघवी होते का?

मासो : बायकोसमोर काय विचारता.

लिगाया : तुझ्या चड्ड्या इतकी वर्षं कोण धुतं? सांग त्यांना.

मासो : कालपासून नाही. त्याआधी झाली थोडी, काळ्या कॉफीसारखी.

डॉ. बाल्तासार : (लिगायाला) नानाय, हा पास्मा नाही. लेप्टो आहे. उंदरांच्या मुतातून जंतू पुराच्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून आत शिरतो. पोटऱ्या तोच धरतो, डोळे तोच लाल करतो. आता यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत. शिरेतून पेनिसिलिन चालू केलंय. पण आजच मशीनवर रक्त धुवावं लागेल.

लिगाया : रक्त धुवायचं?

डॉ. बाल्तासार : हो. मशीन रिकामं झालं की नेऊ.

लिगाया : पुरातून आला तेव्हा बादली घेऊन बसला होता पाय धुवायला. मीच हिसकावली. म्हटलं, दमलेल्या पायांवर गार पाणी घेशील तर पास्मा होईल. पाय धुऊ दिले नाहीत, डॉक्टर. आता रक्त धुवा म्हणता.

डॉ. बाल्तासार : धुतले असते तर बरंच झालं असतं. पण कमरेइतक्या पाण्यात तासन्‌तास उभं राहिल्यावर नुसत्या बादलीनं भागत नाही. हे होऊ नये म्हणून आरोग्य केंद्रानं डॉक्सिसायक्लिन वाटलं होतं ना?

लिगाया : त्या कॅप्सूल? वाटल्या की. केंद्रातली नेने होडीतून आली होती. माणशी दोन. मी याच्या हातावर ठेवल्या.

डॉ. बाल्तासार : गिळताना पाहिलंत?

लिगाया : नवरा आहे तो, तान्हं बाळ नाही.

डॉ. बाल्तासार : ताताय, घेतल्या होत्या ना?

(मासो भिंतीकडे तोंड वळवतो.)

लिगाया : मासो.

मासो : जनरलला दिल्या.

डॉ. बाल्तासार : कुठला जनरल?

लिगाया : कोंबडा.

डॉ. बाल्तासार : कोंबड्याला दिल्या?

मासो : छपरावर चढवेपर्यंत भिजून चिंब झाला होता. नाक गळायला लागलं. रविवारी झुंज ठरलेली. आमच्यात सगळेच देतात, डॉक्टर. माणसाचं औषध कोंबड्याला झकास लागू पडतं.

डॉ. बाल्तासार : पडलं का?

मासो : जिंकला.

लिगाया : तुला वाटत होतं पूर आपल्या ओळखीचा आहे. घरात शिरेल, चहा पिऊन जाईल.

डॉ. बाल्तासार : आणि तुमच्या कॅप्सूल, नानाय? तुम्हीही पाण्यात होतात?

लिगाया : मी काय, तांदळाचं पोतं वर आणण्यापुरती. गुडघाभर. माझ्या दोन यालाच दिल्या. पाण्यात जास्त हाच होता, म्हटलं दुप्पट राखण होईल.

डॉ. बाल्तासार : म्हणजे यांच्याकडे चार होत्या.

लिगाया : मासो, माझ्या तरी घेतल्यास ना?

मासो : तू नुसतं ‘ह्या पण ठेव’ म्हणालीस. तुझ्या आहेत म्हणाली नाहीस. मला वाटलं, नेनेनं जास्तीच्या दिल्या.

लिगाया : चारही.

मासो : चारही.

लिगाया : आपण दोघं त्या कोंबड्याच्या पोटात गेलो.

डॉ. बाल्तासार : नानाय, मघापासून तुम्ही पोटरी चोळताय.

लिगाया : वॉर्डात बसायला जागा आहे का? उभं राहून दुखणारच.

डॉ. बाल्तासार : ताप?

लिगाया : कणकण आहे. याच्या काळजीनं.

डॉ. बाल्तासार : खिडकीकडे बघा. पापणी ओढते जरा. डोळे लाल आहेत.

लिगाया : रडले असेन.

मासो : ती रडत नाही, डॉक्टर.

डॉ. बाल्तासार : लघवी?

लिगाया : होते नेहमीसारखी. माझं राहू द्या हो. हा वाचेल का ते सांगा.

डॉ. बाल्तासार : खोटं सांगत नाही, अवघड आहे. पण मशीननं वेळ मिळतो, आणि तेवढ्यात मूत्रपिंडं पुन्हा चालू झालेली मी पुष्कळदा पाहिलीत. तुमचं मात्र लवकर सापडलंय. आत्ता रक्त घेऊ आणि लगेच कॅप्सूल सुरू करू. सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. लघवी कमी झाली की तडक मला सांगायचं. ही घ्या पहिली.

लिगाया : खिशात असू दे. याला आत नेलं की घेते.

मासो : मी जात नाही.

लिगाया : मशीन काय तुझी वाट बघत बसणार आहे?

मासो : गिळ आधी.

लिगाया : आजारी तू आणि हुकूमही तुझाच. दे ते पाणी. घे, गिळली.

मासो : तोंड उघड.

लिगाया : डॉक्टर बघतायत, मासो.

मासो : बघू देत. जीभ उचल. अजून वर.