'शुभ' सरळ, 'विवाह' वाकडा

अर्थिंगचं नाव काढू नका माझ्यासमोर! पापडी गावच्या आमच्या नीलेशने वाडीतल्या शेडमध्ये, जुन्या प्रिंटरच्या मोटरी जोडून, सीएनसी बनवलं होतं. कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कोरणारं मशीन. बहिणीच्या मांडवासाठी 'शुभ विवाह' कोरत होता. सकाळी 'शुभ' झकास यायचं. दुपारी 'विवाह' घेतलं की मशीन उड्या मारायचं, हात लावला की झिणझिण्या. फळ्यांवर फळ्या वाया, लग्न परवावर. नीलेश नुसता येरझाऱ्या घालतोय. मोटर उघड, केबल बदल, मध्येच माझ्यावर खेकस.

मी म्हटलं, "आधी अर्थिंग बघ."

"मीठ-कोळसा घालून खड्डा केलाय, तांब्याची पट्टी पुरलीय. मला शिकवू नकोस!"

मी कसला ऐकतोय? अर्थिंगची हिरवी वायर धरून केळीतून निघालो, तो थेट पाण्याच्या पाटापर्यंत. तिथे वायर तुटलेली, आणि दोन्ही टोकं, तांब्याला तांबं न लागता, केळीच्या सोपटाने, म्हणजे सुक्या सालीने, घट्ट बांधलेली! सकाळी शिंपण झालं की गाठ ओली, तेवढ्या ओलीवर मशीन शहाणं. दुपारी गाठ सुकली की पिसाळलं.

नीलेश ओरडला, "बाबा, हे कोणी केलं?"

"मीच. पाट काढताना कुदळ लागली. पानवेल बांधतो तशी लगेच बांधली."

"अहो, वेल नाही, वायर आहे ती!"

बाबांनी दोन्ही हातांनी गाठ खेचून दाखवली. "मग? सुटली का?"