खिडकीतून टाकलेला रुमाल

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष माननीय पुंजारामभाऊ, ज्यांनी पुढाकार घेऊन हा सगळा घाट घातला ते बियाणे कंपनीचे रामप्रसादशेठ, मस्तगडच्या व्यापारी मंडळाचे सर्व पदाधिकारी, माझ्या मायबहिणी, आणि मघापासून खांद्यावरची शाल सावरत अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती, अर्थात आमचे हे!

मघाशी पुंजारामभाऊ म्हणाले, "मीनावहिनी, दोन शब्द बोला." भाऊ, बाईमाणसानं दोन शब्दांत आटोपलेलं तुम्ही आजवर कुठं ऐकलंय का? अंबडच्या शाळेत वक्तृत्वाचा कप मिळवलाय मी. तो कप आजही घरात आहे, त्यात हे गाडीच्या किल्ल्या ठेवतात. तेव्हा आता माईक हातात दिलाच आहे, तर थोडा धीर धरा.

आपण सगळे यांना निरोप द्यायला जमलोय. अरुणाचलातल्या एका खोऱ्यात नदीकाठी मुक्कामाचं नवं केंद्र उभं राहिलंय, तिथं वर्षभर राहून मासेमारीच्या सहली चालवायला यांना बोलावलंय. अभिमानाची गोष्ट आहे. पण मी या हॉलमध्ये पाऊल ठेवल्यापासून जो तो मला एकच विचारतोय, "काय वहिनी, दिली का परवानगी?" यांनी घरात विचारलं नाही ते अख्खं मस्तगड विचारून राह्यलं! उत्तर देणार आहे मी. इथंच देणार आहे. पण आधी थोडं मागचं सांगू द्या.

आमची श्रीगणेश यात्रा कंपनी तुम्हाला ठाऊकच आहे. राजूरच्या गणपतीला नारळ फोडायचा आणि बस काढायची. काशी, चारधाम, वैष्णोदेवी. एका वर्षी हिमाचलात दरड कोसळली आणि आमची बस एका नदीकाठी अडकून पडली. सगळे यात्रेकरू बसमध्ये भजन म्हणत होते आणि आमचे हे कुठं? तर नदीत गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या पहाडी माणसाकडं बघत काठावर बसले होते. रस्ता मोकळा झाला, ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला, पण हे उठेनात. शेवटी दोघांनी दंडाला धरून बसमध्ये आणलं.

आता तो म्हातारा करत काय होता? आपल्याकडं गळ टाकणारा गांडूळ लावतो आणि बिडी ओढत बसतो. हे तसलं नाही. पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी करायची, आणि लांब काठीच्या दोरीनं ती पाण्यावर इतकी अलगद टाकायची की माशाला वाटावं, खरीच बसली. आणि एवढं करून मासा लागला, की त्याला परत पाण्यात सोडायचं! हे घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सोडायचाच आसंल तं धरायचा काहून?" यांनी दुसऱ्याच दिवशी तसली काठी मागवली.

मग सुरू झाला सराव. कुठं? गच्चीवर! अहो, आपल्या जालन्यात नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात, इथं नदी कुठून आणायची? कुंडलिका नदीची अवस्था आपण बघतोच. तर हे गच्चीवर उभे राहून दोरी फिरवायचे आणि खाली गल्लीत पोरं ओरडायची, "काका, लागला का?" एकदा लागला. शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यातली एक बराबर उचलली आणि आमच्या पाण्याच्या टाकीवर आणून आपटली. हसू नका, त्या कुरडईपायी शेजारणीनं दोन महिने माझ्याशी अबोला धरला होता.

पण माणूस जिद्दीचा, हे मी बायको असूनही कबूल करते. यांनी मासेमारीच्या सहली काढायचं ठरवलं. ठरवलं यांनी, आखल्या मी. नदीवर जायचं यांनी, आणि ती कोणत्या महिन्यात उघडते, थंडीत मासे अंडी घालतात तेव्हा गळ टाकायला बंदी कधीपासून, मत्स्य विभागाचा परवाना कुठं मिळतो, बर्फ वितळून पाणी गढूळ कधी होतं, कोणत्या पाहुण्याला लसूण चालत नाही आणि कुणाची बीपीची गोळी राहून जाते, हे सगळं मस्तगडच्या ऑफिसात फोन कानाला लावून मी जुळवायचं. हिमाचल, काश्मीर, अरुणाचल झालं, मागच्या साली तर मंगोलियाची सहल आखली. तिथल्या माणसाला माझं हिंदी कळेना, मला त्याचं इंग्रजी. पण घोडे वेळेवर आले!

हिमाचलातल्या पहिल्या सहलीची गंमत मात्र सांगितलीच पाहिजे, कारण तिचे साक्षीदार रामप्रसादशेठ व्यासपीठावर आहेत. शेठ आणि त्यांचे दोस्त ही आमची पहिली गिऱ्हाइकं. ही सहल फसली तर पुन्हा काठीला हात लावायचा नाही, असा शब्द यांनी सासूबाईंना देऊन ठेवला होता. आता यात्रा कंपनीची रीत काय? बस कुठंही जावो, स्वयंपाकीण आपली. मी त्याच रीतीनं आमच्या झुंबरबाईंना सोबत पाठवलं. पिठलं, भाकरी, ठेचा, पाहुणे एकदम खूश.

पण मासा लागेना! पहिला दिवस गेला, दुसरा गेला. वाटाड्या चक्रावला, म्हणाला, या डोहात एवढे मासे आहेत आणि एकही वर बघत नाही, हे मी जन्मात पाहिलं नाही. इकडं यांचा फोन आला, आवाज पार बसलेला. "मीना, संपलं. शेठ काही बोलंना गेलेत." शेठ बोलत नाहीत म्हणजे काय, हे तुम्ही जाणताच.

तिसऱ्या दिवशी वाटाड्या पहाटे लवकर डोहावर गेला. तर आमच्या झुंबरबाई! आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून, परात मांडीवर घेऊन बसलेल्या आणि कणकेच्या गोळ्या एकेक करून पाण्यात सोडून राहिलेल्या. तीर्थाच्या ठिकाणी माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या, पुण्य लागतं. चारधामला आयुष्यभर हेच केलेलं त्यांनी, इथंही केलं. मासे पोट भरून तळाशी लोळत होते, ते तुमच्या पिसाकडं कशाला बघतात?

हे भडकले. आणि झुंबरबाई काय म्हणाल्या? बाई समोरच बसल्यात, चुकलं तर दुरुस्त करतील. म्हणाल्या, "उपाशी जीवाला फसवून धरायचं न् वरून खेळ म्हणायचं? मी जेवू घातलं तं माझंच चुकलं व्हय?" यावर शेठ जे हसायला लागले, ते म्हणे खाली काठावरच बसले. त्या दिवशी गोळ्या बंद ठेवल्या आणि संध्याकाळपर्यंत शेठना मासा लागला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक सहलीचा रिवाजच पडला: शेवटच्या सकाळी काठ्या बांधून ठेवायच्या आणि सगळ्यांनी मिळून माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या. आता पाहुणे सहल ठरवतानाच विचारतात, "गोळ्या आहेत ना?"

हसून झालं असेल तर आता एक तक्रार ऐका.

शेठचा तो पहिला मासा ज्या खोट्या माशीला लागला, ती कशाची होती, ठाऊक आहे? कोंबड्याचं पीस, आणि चमकायला जरीचे धागे. ते धागे कुठले? माझ्या लग्नाच्या शालूच्या पदराचे! भाचीच्या लग्नात नेसायला काढला तर पदर एका कोपऱ्यात उसवलेला. मी म्हटलं उंदीर असेल. उंदीर आता शाल पांघरून समोर बसलाय.

शालूचं मला एवढं वाईट वाटलं नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट मनाला लागली. माझ्या शालूचा पदर हिमाचलात जाऊन आला आणि मी गेले नाही. सगळ्या नद्यांची नावं मला तोंडपाठ, पण एकीच्याही पाण्यात मी पाय बुडवलेला नाही. आधी लेकीची, ज्योत्स्नाची दहावी, मग बारावी, मग सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, आणि फोन तर कायमचाच. कुणी अडवलं होतं का? नाही. कुणी चल म्हटलं का? तेही नाही.

आणि हे अरुणाचलचं बोलावणं आलं, त्या सकाळी पोहे खाता खाता हे म्हणाले, "मीना, वर्षाचाच तर सवाल आहे. तू इथलं बराबर सांभाळशील. तुला तिकडं करमायचं न्हाई, थंडीबी सोसायची न्हाई." मी म्हटलं, "पोहे अजून वाढू का?" राग आला होता मला. रडूही आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण यांना वाटलं, मीना गप्प आहे म्हणजे मीना राजी आहे.

अहो, असे खाली काय बघताय? तुम्हाला अंबडचा स्टँड आठवतो का? लग्नानंतर माहेराहून पहिल्यांदा निघालो होतो. गाडीला ही गर्दी. तुम्ही खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली. आत गेलो तर एक पागोटेवाले आजोबा रुमाल बाजूला सारून मस्त बसलेले. तुम्ही त्यांना म्हणालात, "बाबा, रुमाल टाकेल हाय, माझी बायको बसणार हाय इथं." अख्खी गाडी माझ्याकडं बघायला लागली, मी लाजून अर्धी झाले. आजोबा उठले, पण सीट एकच होती. मला बसवलंत आणि स्वतः जालन्यापर्यंत उभे आलात. त्या दिवशी मी मनात म्हटलं, या माणसासोबत कुठंही जायला हरकत नाही. मी तयारच होते हो. तुम्ही विचारायचं विसरलात.

असो. रामप्रसादशेठ, हा सत्कार घडवून आणलात, मी आपली ऋणी आहे. पुंजारामभाऊ, वेळेचं भान न ठेवता बोलू दिलंत, उपकार झाले. मंडळाच्या सर्वांचे आणि जेवण थंड होत असताना शांत बसलेल्या आपणा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कमीजास्त गेलं असेल तर तुमच्या पदरात घ्या. माझ्या पदराचे धागे मासे घेऊन गेलेत, त्यात आता काही राहत नाही.

काय म्हणता, झुंबरबाई? नाव घेऊ? बघा, बायका टाळ्या वाजवून राहिल्या. एवढ्या भाषणात एकदाही यांचं नाव घेतलं नाही, हे फक्त तुमच्याच ध्यानात आलं! घेते की. त्याच्यासाठीच राखून ठेवलं होतं. परवानगीचं उत्तरही त्यातच आहे, सगळ्यांनी नीट ऐका. आणि अहो, तुम्ही तर जास्तच नीट ऐका. ऑफिस उद्यापासून यांचे चुलतभाऊ, बबलूभाऊजी बघणार आहेत, त्यांना फोनवरचं सगळं शिकवून झालंय. सासूबाई धाकट्या जाऊबाईंकडं अंबडला जायला आनंदानं तयार आहेत. ज्योत्स्ना म्हणाली, "आई, तू अजून इथं काय करतीस?" आणि झुंबरबाईंनी परात बांधून ठेवलीय. सहल आखणं हे माझंच काम आहे ना? मग ही पण मीच आखलीय.

घेते हं नाव:

परवाने निघाले, घोंगड्या बांधल्या, कणकेची पिशवी भरली,
सोमेश्वररावांच्या शेजारी मी रुमाल टाकून सीट धरली!