सविता अठरा वर्षांची कधी होईल?

सातवीला या सत्रात काय शिकवतेस, असं विचारता ना? ऐका मग. कन्नडजवळच्या आमच्या शाळेत परवा समीकरणं सुरू केली. मी फळ्यावर लिहिलं, "सविता आज बारा वर्षांची आहे. ती अठरा वर्षांची कधी होईल?" वर्गातल्याच सविताचं नाव मुद्दाम घातलं, पोरांना मजा वाटते.

वर्ग ओरडला, "सहा वर्षांनी!"

सविता उभी राहिली. "नाय बाई, मंगळवारी. अण्णा आधार कार्डावर वय वाढवून आणणार हायेत. माझं लग्न धरलंय."

कुणीच हसलं नाही. आणि मी, वीस वर्षं शिकवणारी बाई, काय म्हणाले माहितीये?

"बस खाली. पुढचं गणित घ्या."