गेटची पात, टेकची पात

हिवरा आश्रमाकडच्या खेड्यातली मी. आमच्या घरी शेतीचा तुकडा नाही, बाबा जिनिंगमध्ये कामाले होते, रुईची धूळ छातीत बसली आन् ते घरीच बसले, मंग माय एकटी लोकाच्या वावरात तण निंदाले जाय आन् तिच्या मजुरीवर मी मेहकरच्या कॉलेजात. काय सांगू तुम्हाले, बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजी दोनदा गेलं. आत्या म्हणे, पोरगा पाहून ठेवला हाय, शिकून काय कलेक्टरीन होतं काय व? बाबा खोकत खोकत म्हणाले, एक खेप देऊ दे तिले, नाही निघालं तं हळद लावू. एकच खेप. 

इंग्रजीचे सर म्हणाले, तू गेट म्हणजे मिळणं आन् टेक म्हणजे घेणं या दोन शब्दांची सरमिसळ करते, तेवढं सोडव, उतारा आपोआप उलगडल. पण अभ्यासाले वेळ कुठून, सुट्टीत मीबी मायसंगं वावरात. मंग ठरवलं, बाईनं वावराच्या एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जी ओळ निंदायची ती पात, तं एक पात गेटची, एक टेकची. बक्षीस भेटलं ते गेट, थकलो तेबी गेट, घरी पोचलो तेबी गेट. गोळी घेतली ते टेक, फोटो काढला ते टेक, चार घंटे लागले तेबी टेक. परीक्षा आपण देतो ना, इंग्रज लोक ती घेतात, टेक.

आन् तिथंच घात झाला. पेटारीच्या तणाचं रोप लहानपणी पऱ्हाटीवाणी, म्हणजे कपाशीवाणीच दिसते. तोंडानं अर्थ पुटपुटत मी अख्खी पात पऱ्हाटी उपटत गेली, पेटारी तशीच ठेवली. मालक बांधावरून ओरडला, उद्यापासून ही नको आन् हिची मायबी नको.  घरी आल्यावर मीच म्हटलं, माय, लावा मले हळद, माह्यानं नाही होत. ती चूल फुंकत राह्यली.

सकाळी आमच्या टोळीची मुकादम शांताकाकू दारात. म्हणे, चाल व, मालकाले सांगून आली, या दोघी नाही तं आमीबी कोणीच नाही, निंद म्हना तुह्यं तू. निंदण अंगावर आलेलं, तो काय करणार. काकूनं मले मधातली पात देल्ली, इकून माय, तिकून ती, माह्या हातावर दोघींची नजर. म्हणे, आता मोठ्यानं म्हण. मी म्हटलं, टेक ऑफ म्हणजे चप्पल काढणं, आन् विमान उडणंबी. एक जण म्हणे, मंग देवळाबाहेर एवढ्या चपला काढतो, विमान काऊन उडत नाही व? सगळ्या हसल्या. मायबी हसली. मले तं रडूच आलं.

पेपरात त्या दोन शब्दांवर चारच मार्काचा प्रश्न आला.  पण उतारा वाचला आन् मले कळला हो, पहिल्यांदा पुरा कळला.

नोकरी अजून नाही, फॉर्म भरून राह्यली. त्या बायांचं मात्र देव भलं करो. इंग्रजी काठावर निघालं. मी बी.ए. झाली, आमच्या घरातली पहिली.