वरून क्रीम, आत थर्माकोल

...आणि पुन्हा तेच, "आत काय हाय?" आता तुम्हीच सांगा, थर्माकोलच्या आत काय असणार? थर्माकोलच की. पण आमच्या घरात हे कुणाला पटतच नाही. मी घरात फारशी बोलत नाही, नवी सून आहे, म्हणून तुमच्यापुढं सगळं एका दमात बोलून घेते, मध्ये थांबवू नका.

तर केकवर क्रीमची फुलं काढायला हात बसावा म्हणून थर्माकोलचा तीन मजली ठोकळा मिळतो, डमी म्हणतात त्याला. त्याच्यावर क्रीम लावायची, गुलाब काढायचे, बिघडले की खरवडायचे, पुन्हा काढायचे. रोज खरा केक कोण भाजणार आणि कोण खाणार? पण पहिल्याच दिवशी सासूबाई आल्या, आमच्यात त्यांना आत्याबाई म्हणतात, त्यांनी ठोकळा टकटक वाजवला, कान लावला...

"निकिता, आत काय हाय गं?"

"थर्माकोल, आत्याबाई."

"टीव्हीच्या खोक्यात येतंय ते?"

"हो."

"मग त्याला नटवायलीस कशाला?"

मग शेजारच्या राजेश्रीवहिनी विरजण मागायला आल्या, विरजण राहिलं बाजूला, ठोकळ्याभोवती फेरी मारून गेल्या. आत काय हाय? आणि हे, म्हणजे आमचे आदिनाथ, इंजिनिअर माणूस, सगळं माहीत असून यांनी स्क्रूड्रायव्हरनं मधल्या मजल्याला भोक पाडून बघितलं. का, तर सहज. मी ते भोक क्रीमनं बुजवलं, वर सगळ्यात मोठा गुलाब बसवला.

सगळ्यात अवघड मामंजी. माझे सासरे, माणिकराव, सेलूच्या मोंढ्यात कापसाचे व्यापारी. आणि तुम्हाला सांगते, कापसाच्या माणसाला वरचं काही दिसतच नाही. गाडी आली की हा कोपरापर्यंत हात आत घालणार, तळातला कापूस ओढणार, चिमटीत धरून धागा ताणणार, ओल बघणार, मग तोंडातनं भाव निघणार. माझ्या गुलाबांकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "वरून समदेच सजवतेत. आत काय हाय ते बोल."

मला पाहिजे तरी काय होतं? घरून केकच्या ऑर्डरी घ्यायची परवानगी, बस. मामंजींनी तोड काढली, "दत्तरावच्या भक्तीचा साखरपुडा हाय. दत्तरावनं तुझा केक पास केला तर दाराला पाटी लाव. न्हाई तर हा ठोकळा माळ्यावर." दत्तराव म्हणजे मोंढ्यातले शेजारचे व्यापारी, भक्ती त्यांची मुलगी. रविवारी येतो म्हणाले. मी ठरवलं, रविवारी सकाळी खरा केक भाजायचा, चव द्यायची, विषय संपला.

दत्तराव शनिवारी आले. दुपारी. न कळवता. "इकडूनच चाललो होतो, म्हणलं बघून जावं." मी चहाचं आधण ठेवेपर्यंत माणूस ठोकळ्यापुढं, मागोमाग मामंजी. तीन मजली, गुलाबी, कडेनं मोती... दिसत होता हो सुंदर. मी आतून सांगायलेय, "काका, तो खरा..." पण माझा आवाज कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडतो का? तोवर काकांनी बाही वर केली, नेमका मोठा गुलाब निवडला, आणि गेली की दोन बोटं आत.

बाहेर आले पांढरे दाणे.

दुसरं कुणी असतं तर दचकलं असतं. काकांनी बोटाची क्रीम रुमालाला पुसली, दाणे चिमटीत चोळले, खिडकीच्या उजेडाला धरले. मामंजीही वाकले. दोघांच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. मी दारात, हातात साखरेचा डबा.

"ओल न्हाई," दत्तराव म्हणाले.

"बिलकुल न्हाई," मामंजी म्हणाले.

"कचरा बी न्हाई. सूनबाई, मे महिन्यात हे टिकल का?"

मी म्हटलं, "काका, हा खायचा नाही. थर्माकोल आहे."

"ते कळलं की. मोंढ्यातल्या चंद्रभाननं पोरीच्या साखरपुड्याला खरा आणला होता, पाहुणे यायच्या आधीच पाघळला, वाटीत वाढावा लागला. हाच ठिवा. पोरगा-पोरगी सुरी फिरवतेल, फोटो निघतेल, झालं."

"पण खायला, काका? मी भाजते चांगला. खालचा एक मजला तरी खरा..."

"खायला गुलाबजाम सांगितलेत."

पास झाले मी. पाटी लागली, मामंजींनी स्वतः खिळा ठोकला. साखरपुड्याचे फोटो फिरले आणि आता पेडगावहून, चारठाण्याहून फोन यायलेत, सगळ्यांना तसलाच पाहिजे, न पाघळणारा. फोन आत्याबाई घेतात, मोठ्या कौतुकानं सांगतात, "लय भारी केक करती आमची सून."

परवा पलीकडून कुणीतरी विचारलं, चवीला कसा असतो म्हणून. आत्याबाईंनी जरा विचार केला.

"खाऊन आजून कुणी बघितला न्हाई बाई... पण तक्रार कुणाचीच न्हाई."