लाल आलं की वळ

(रत्नागिरीजवळ, खाडीच्या तोंडावरचं घर. नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस, दुपार. दत्ताराम तांडेलांच्या एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी. समोर नात योगिनी. मांडीवर आबांची होडीच्या वाटेची जुनी वही, हातात मोबाइल; वहीतलं ती मोबाइलच्या यादीत उतरवतेय.)

योगिनी : आबा, खडकावर टिक झाली.

दत्ताराम : म्हणजे काय?

योगिनी : चुकून बोट लागलं. आता मोबाइलला वाटतंय खडक पूर्ण झाला. पूर्ण झालेलं तो यादीच्या तळाला ढकलतो.

दत्ताराम : तळाला म्हणजे कुठं?

योगिनी : तुमच्या वहीच्या हिशोबानं पूर्णगडच्या पलीकडे.

दत्ताराम : परत आण त्याला. माझ्या आज्यापासनं तो जागचा हलला नाय.

योगिनी : आणला. पण मोबाइलनं त्याला एक नंबर दिलाय. धक्का दोन. माड तीन.

दत्ताराम : नंबर कोणी मागितला? समुद्र डावीकडं, जमीन उजवीकडं. वहीत काढलंय तसंच काढ.

योगिनी : ह्यात डावी-उजवी बाजूच नाही. एकाखाली एक लिहायचं फक्त.

दत्ताराम : एकाखाली एक समुद्र कोणच्या गावाला असतो?

योगिनी : मी कागदावर काढून देते ना त्याला.

दत्ताराम : कागदाचा होडीत दुपारपर्यंत लगदा होतो. मला पाठ होतं म्हणून वही घरात राहायची. तुझ्या दादाला, सूरजला काय पाठ हाय? पाच वर्षं मुंबईला मॉलमधे सरकत्या जिन्याशी उभा होता. मोबाइल तेवढा तो हातातनं सोडत नाय. उद्या पयल्यांदा होडी एकटा काढणार. मला डॉक्टरनं महिनाभर घरात बसवलंय. मागच्या साली आत्मारामची होडी ह्याच खडकावर फुटली, ठाऊक हाय ना?

योगिनी : म्हणून तर बसलेय. वहीचा फोटोही काढून बघितला.

दत्ताराम : मग?

योगिनी : पेन्सिल आली नाही. बुरशी छान आली.

दत्ताराम : बरं, नंबर पूस. एका ओळीत लिही. होडी निघते तसं, आधी धक्का, मग जागा सोड, मग खडक.

योगिनी : सोडली. मोजून वीस. सेव्ह केलं की वीसची एक होते.

दत्ताराम : म्हणजे खडक धक्क्याला आला?

योगिनी : चिकटलाच. उतरून चालत जाता येईल.

दत्ताराम : ती जागा रिकामी नाय गो. पाणी हाय. इंजिन बारीक ठेवून वीस मिनिटं.

योगिनी : मोबाइलला पाणी कळत नाही. त्याला वाटतं, कोणीतरी विसरलंय काहीतरी लिहायला.

दत्ताराम : मग लिही त्याला, पाणी म्हणून.

योगिनी : थांबा... पाणी पाणी पाणी पाणी... वीस वेळा. आणि अलीकडे धक्का, पलीकडे खडक. राहिलं की हो. पुसत नाहीये.

दत्ताराम : ओहोटीला अठरा.

योगिनी : ते कंसात टाकते. झालं, पाठवलं त्याला. तो बघा आलाच.

सूरज : काय पाठवलंयस? तहान लागली की बघायचं आहे का?

योगिनी : दादा, तो नकाशा आहे. एक पाणी म्हणजे एक मिनिट. ओळीच्या शेवटी खडक.

सूरज : माझ्याकडे ओळीच्या शेवटी पाणीच आहे. खडक चौथ्या ओळीत आलाय. धक्क्याच्या खाली, आपल्या देवळाच्या जरा मागे.

योगिनी : अक्षर मोठं ठेवलंयस तू.

सूरज : उन्हात दिसत नाही बारीक.

योगिनी : मग ओळ तुटते रे.

दत्ताराम : ओळ तुटू दे. होडी तुटायला नको.

सूरज : आबा, एवढं कशाला? मोबाइलचा नकाशा लावतो.

दत्ताराम : त्याला खडक माहीत हाय?

सूरज : नाही. परवा मी होडीत बसून बघितलं तर म्हणाला, तुम्ही मंगल कार्यालयात आहात.

दत्ताराम : जेवून आलास काय?

सूरज : ...खरं सांगू? मला झोप नाही चार दिवस. जाताना एक वेळ जाईन, उजेडात, मिनिटं मोजत. येताना खडक मागे पडला हे कसं कळायचं? वळायचं कधी?

योगिनी : एक राहिलंय. वहीच्या कडेला उभं लिहिलंय, वही आडवी धरून वाचायला लागतं. मोबाइलमधे उभं लिहिता येत नाही म्हणून मी शेवटी ठेवलं होतं.

सूरज : वाच.

योगिनी : 'दोन माडांत लाल आलं की वळ.'

सूरज : लाल काय?

दत्ताराम : तुझी आजी.

सूरज : आजी तर गोरी होती.

दत्ताराम : लुगडं रे तिचं. परसातल्या दोन माडांच्या मागं दोरी होती. समुद्रातनं येताना लाल बरोब्बर दोन माडांच्या मधोमध दिसलं, की समजायचं खडक मागं पडला. मी होडी काढली की हौसा ते लुगडं वाळत घालायची.

योगिनी : पण आजी तर नेहमी हिरवं नेसायची.

दत्ताराम : नेसायची हिरवंच. लाल नुसतं वाळत घालायची.

सूरज : धुवायची कधी?

दत्ताराम : धुवायला मळायचं कुठं? कोरडंच घालायची. पलीकडची आनंदीबाई सगळ्यांना सांगायची, हौसाचं लुगडं तीस वर्षं झाली, वाळतच नाय.

योगिनी : आबा, आजीला जाऊन तीन वर्षं झाली. दोरीवर काही नव्हतं. तुम्ही कसे येत होतात?

दत्ताराम : मला दिसायचं.

सूरज : ...मला नाही दिसणार, आबा.

दत्ताराम : तेच म्हणतोय मी. योगिनी, कपाटात खालच्या फळीवर हाय. दोन्ही टोकांना चिमटे लाव, तिसरा मधे. वाऱ्यानं गोळा झालं तर कोण बाई उभी असल्यागत दिसतं.

योगिनी : लक्षात राहायला पाहिजे. थांबा, हे मात्र ह्याला जमतं. आठवण. सकाळी सहा, लाल लुगडं, आणि पुढे टिक करायला चौकोन.

सूरज : तुझं कॉलेज?

योगिनी : साडेदहाला. आबा, विचारतंय, एकदाच की रोज?

दत्ताराम : हा होडी काढेल तेव्हा. रोज धर.

योगिनी : रोज. आता शेवटची तारीख विचारतंय. कधीपर्यंत ते.

दत्ताराम : हौसानं नव्हती विचारली.